बारडोलीला पोचणारी गाडी

"जाईसन परत येई का, इतलंच सांग," सुकलालआबा म्हणाले.

नंदुरबारच्या शोरूममधला नवनीत मघापासून छताची काच, मोठा पडदा आणि एअरबॅगा दाखवत होता. आबांनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर म्हणून निवृत्त झालेला, पपईची बाग राखणारा हा माणूस शोरूममध्ये दर वेळी एकच प्रश्न घेऊन येई: लोणखेडा ते बारडोली आणि परत, मध्ये कुठेही चार्ज न करता.

दोन गाड्यांपैकी मोठी कागदावर जाऊन-येऊन करेल, नवनीतने सांगितलं. रस्त्यावर मात्र एसी, चढ, माणसं धरता जरा कमीच पडेल. धाकटी तर बारडोलीला पोचेल आणि तिथेच संपेल. "पण त्यात काय, आबा? पोरीच्या घरी प्लग असेलच. लावून द्यायची."

आबांनी गाडीचा टायर चाचपला.

"अंडेरना घरनं पानी चालस नही," ते म्हणाले. "वीज कशी चाली?"

आबांच्या घरात नेम होता. अंडेरला, म्हणजे लेकीला, मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. इतरांचा हा नेम वर्षा-दोन वर्षांत बारशाच्या जेवणात सुटून जाई. दीपमालाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आबा सकाळच्या एसटीने बारडोलीला जात, कोरड्या घशाने लेकीसमोर बसत, मध्येच अंगणात जाऊन घरून आणलेली बाटली तोंडाला लावत आणि परतीची एसटी गाठायला उठत. दीपमाला त्यांच्यासमोर चहा करत नसे. केला तर दोघांनाही त्या कपाकडे बघत बसावं लागे.

तिचं येणंही होत नव्हतं. लहानपणापासून डिझेलच्या वासाने तिला मळमळे. माहेरी येऊन गाडीतून उतरताच तिला उलटी होई आणि दर वेळी गल्लीतली एखादी म्हातारी भलत्याच आशेने तिच्या पोटाकडे बघे. मग तिने येणंच सोडलं. म्हणून बिनधुराची गाडी.

नवनीतने आतून मॅनेजरला आणलं. वीज म्हणजे अन्न नव्हे, असं त्यांनी शोरूमच्या वतीने स्पष्ट केलं. आबांनी विचारलं, मीटर कोणाचं? मॅनेजरसाहेब थोडा वेळ विचार करून आत गेले. हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनचा तोडगाही आबांना पटला नाही. खांबाजवळ बसायचं असतं तर लोणखेड्यात खांब काय कमी होते? तिथे बसायचा वेळ लेकीजवळच्या वेळातून कापला जाणार होता.

शेवटी ठरलं, मोठी गाडी ओझ्यासकट चालवून बघायची. मंगळवारी आबा आले ते बायकोला, जमनाबाईंना, आणि ज्वारीची दोन पोती घेऊन. लहान पोतं म्हणजे दीपमाला, मोठं म्हणजे जावई. दोघांना मागच्या सीटवर बसवून आबांनी पट्टे बांधले. दीपमालाचा जरा सैल केला. जमनाबाई मधे बसल्या. आबांनी चाक धरलं. नवनीत त्यांच्या शेजारी बसला आणि याचा रिपोर्ट कसा लिहायचा या काळजीत पडला.

रस्त्यात एकदा हात लांबवून आबांनी एसीची झडप मागे वळवली. कोणत्या पोत्याकडे, ते जमनाबाईंनी पाहिलं आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

खांडबाऱ्याच्या अलीकडे गतिरोधक आला आणि जावई फाटला. गाडी बाजूला घेऊन दार उघडताच तो पायरीवरून रस्त्यावर सांडला. कोंबड्या धावत येऊन त्याला टिपू लागल्या. नवनीतने पडद्यावर बघून हिशेब केला आणि आवाज खाली आणून सांगितलं की, ही पण नाही पुरणार, आबा. परतीत नंदुरबारच्या अलीकडेच बंद पडेल.

आबा खाली बसून ओंजळीने ज्वारी गोळा करू लागले.

जमनाबाई पोत्याला सेफ्टी पिना लावत होत्या. "भाऊ, घरना साध्या प्लगवर लावी ते कितला येळ लागस?"

हा गाडीतला सगळ्यात मोठा दोष होता. नवनीत तो गिऱ्हाईकाला कधी आपणहून सांगत नसे. "रातभर, मावशी," तो ओशाळून म्हणाला.

"रातभर," जमनाबाई म्हणाल्या. त्यांनी पुढची पिन लावली. "आनी गाडी तठेच आडकनी, ते मानूसनी काय करानं? आडेल मानूसले नेम नही ऱ्हास."

आबांनी मागच्या सीटवरच्या लहान पोत्याकडे पाहिलं. ते पट्ट्यात नीट बसलं होतं.

"पहिले गाडी पोटभर जेवी," आबा हळूच म्हणाले. "मंग मी देखसू."

शोरूमला परतल्यावर त्यांनी धाकटी गाडी नोंदवली. नवनीतने प्रामाणिकपणे पुन्हा बजावलं, ही परत येणार नाही. "तेच ते," आबा म्हणाले. कमी रेंज हाच गुण समजून गाडी घेणारं गिऱ्हाईक शोरूमला पहिल्यांदाच भेटलं होतं. मॅनेजरसाहेब हात मिळवायला बाहेर आले.

रात्री दीपमालाचा फोन आला. धाकटी काब्र लिधी, आबा, मोठी का नही, असं ती विचारत होती. गाडी लोणखेड्याला परत कशी जाणार, हा हिशेब तिनेही केला होता.

"आमले कितली लागस," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुन्हा अंगनमा प्लग शे का?"

पलीकडे अंगणाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "शे, आबा."

जावई दुसऱ्या दिवशी गिरणीत गेला. लहान पोतं मात्र आबांनी दाराशी खुर्चीवर ठेवलं. गाडी यायला अजून अवकाश होता. पीठ संपलं, तेव्हाही त्या पोत्याला हात न लावता जमनाबाई शेजारून वाटीभर मागून आणायला गेल्या.