एसीकडे तोंड केलेली कळी

मान उचलली होती. कालपर्यंत पानाच्या कडेवरून खाली लोंबणारी कळी आज सकाळी वळून आडवी झालेली, टोकाशी फुगलेली, आणि वरच्या तांबूस पाकळ्यांच्या फटीतून आतला पांढरा रंग दिसतोय की आपल्याला दिसावासा वाटतोय, हे नीलांबरीला ठरवता येईना. हातातला चहा निवत चालला. म्हणजे आज. म्हणजे आज रात्रीच... तिनं मागं वळून पाहिलं, जणू हे ती मोठ्यानं बोलली होती आणि कुणी ऐकलं असेल.

घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवरा, परीक्षित, मागच्या दारच्या पॅटिओवर येतो तो फक्त बार्बेक्यूसाठी, आणि फ्रिस्कोच्या सप्टेंबरातल्या उन्हात तेवढाही नाही. पंधरा वर्षांच्या सियाच्या लेखी हे झाड म्हणजे आईचा हिरवा पसारा. पसाराच आहे तसा. पानाला पान फुटून वेडंवाकडं वाढलेलं, ज्याला आपण सगळे ब्रह्मकमळ म्हणतो आणि इथली नर्सरीवाली बाई कॅक्टस म्हणते. सात वर्षं झाली. उल्काताईंनी, म्हणजे परीक्षितच्या थोरल्या बहिणीनं, ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळून एक पान दिलं होतं, त्याचं हे झाड. जवळच अर्विंगला ताईंच्या घरी एका रात्रीत बावीस फुलं येतात. मग फोनाफोनी, हळदकुंकवाचं ताट, मसाला दूध, फुलासमोर उभं राहून प्रत्येकाचा फोटो, आणि निघताना ताई हमखास तिच्या खांद्यावर हात ठेवणार — "तुझ्याकडे अजून नाही ना? असू दे गं. एकेकाच्या हाताला गुण असतो."

सात वर्षं हा हात खांद्यावर आहे.

गेल्या वर्षी आली होती एक कळी. एकच. आणि मी शहाणी, लगेच ताईंना फोन केला. "तोंड कुठे आहे तिचं?" ताईंचा पहिला प्रश्न. पलीकडे, एसीच्या बाहेरच्या युनिटकडे, मी म्हटलं. "अगं, ब्रह्मकमळ ना ते? त्याचं तोंड देवाकडे नको?" पटलं मला. काचेच्या दाराआत देवघर, दाराबाहेर कुंडी. फिरवायला कितीसा वेळ. फिरवली, नमस्कार केला, अठरा माणसांना शनिवारचं बोलावणं धाडलं. गुरुवारी कळी पिवळी पडली. आता कुठल्या तोंडानं कॅन्सल करणार — माणसं आली, साबुदाणा वडे खाल्ले, आणि कुणीतरी हलकेच बोट लावलं तर कळी गळून त्या बोटावरच आली. ताई म्हणाल्या, "असू दे." त्या रात्री तिनं इंटरनेटवर वाचून काढलं: कळी धरल्यावर कुंडी हलवायची नसते. उजेड बघून कळी आपली दिशा ठरवते, आपण फिरवली की ती गोंधळते आणि गळते.

यंदा कळी दिसली त्याच दिवशी तिनं सियाचा जुना खडू घेऊन कुंडीभोवती फरशीवर गोल आखला. तोंड पुन्हा एसीकडेच. देव समजून घेतील. नाही घेतलं तर तेही असू दे.

दुपारी मीटिंग संपते न संपते तोच ताईंचा फोन. "काय गं, कळीबिळी काही?"

"नाही हो ताई."

"केळ्याच्या साली घालून बघ. संडेला येते मी, एकदा बघतेच."

"या ना."

इतकं सरळ खोटं ती कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, खोटं बोललो म्हणून गळाली तर... छे, कळीला काय कळतंय. तरी ती काचेपाशी जाऊन आली. संध्याकाळपर्यंत आणखी चारदा.

"झोपायचं नाही?" दहाला परीक्षितनं जिन्यावरून विचारलं. "ऑफिसचं रिलीज आहे," ती म्हणाली, आणि दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. पॅटिओचा दिवा मालवून, एसीला पाठ लावून ती खुर्चीत बसली. युनिट सुरू झालं, गरम वारा सुटला, कळी हलली, हिचा जीव खालीवर. मग बाहेरची एक पाकळी सुटली. नंतर दुसरी. उमलताना दिसत नव्हतं काही, आणि मधेच नजर काढून पुन्हा पाहिलं की बरंच झालेलं असायचं. आधी वास आला, गोडसर, गार. सव्वाअकराला फूल पुरतं उमललं होतं, तिच्या ओंजळीत मावणार नाही एवढं, पांढरं, आत पिवळ्या केसरांची दाटी.

मी आणलं. ताईंनी पान दिलं, पण हे मी आणलं — त्यांचं न ऐकता आणलं. तिला हसू फुटलं, आणि आवरावंसंही वाटेना.

फोन हातात होता. ताई बारापर्यंत जाग्या असतात. व्हिडिओ कॉल, एवढंच. याच क्षणासाठी तर सात वर्षं... अंगठा नावावर टेकला आणि तिला ताईंचा आवाज ऐकू आला, "बघ, माझंच पान ना ते." राहू दे. परीक्षितला उठवावं? तो येईल, डोळे चोळत नाइस म्हणेल, सकाळी आठचा कॉल आहे म्हणून वर जाईल. सिया फोटो काढेल. तिनं फोन पालथा ठेवला. ताईंना दाखवायचं म्हणून सुरू केलेलं हे सगळं, आणि आता ताई नीट आठवतही नव्हत्या. आठवायला गेलं तरी डोळ्यांपुढे फूलच.

सकाळपर्यंत ते मान टाकणार. रविवारी ताई सुकलेला देठ पाहतील, विचारतील, आणि काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. आपल्यात ब्रह्मकमळ असं एकट्यानं बघत नाहीत. चार माणसं बोलवतात, निदान घरच्यांना उठवतात. आता कधीही लाज वाटेल, असं तिला वाटलं. पाय खुर्चीवर घेऊन ती त्या लाजेची वाट पाहत राहिली... बारा वाजले, साडेबारा झाले. लाज काही आली नाही.