थरथर गाळलेली अक्षरं

काळ्या स्टिकरचा तिळाएवढा ठिपका इन्शिराहच्या नखाला चिकटून बसला होता — कालच्या कुठल्यातरी अक्षरावरचा असेल — आणि तो झटकायचं सोडून ती संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. बाबांचं सकाळचं अक्षर. ‘उसाचा थंडगार रस’. बाबांनी बोरूनं कागदावर लिहिलं, तिनं स्कॅन केलं, आणि आता प्रत्येक रेषेवर शेकडो बिंदू, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. जिथं हात थरथरला तिथं मुंगी.

एकेक बिंदू निवडायचा, पुसायचा, की रेष गुळगुळीत. पोर्ट सैदमध्ये स्टिकर कापणारी मशीनं ढिगानं झाली, पण उस्ता शफीकच्या, माझ्या बाबांच्या, हातचं वळण फक्त आमच्याकडे — असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं... निदान सुरुवातीला तरी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर बाबांनी पुन्हा बोरू धरला, तेव्हा त्या खडबडीत रेषांवर मशीनची सुरी अडखळायची, स्टिकर फाटायचा, म्हणून साफ केलं. एवढंच. जवळचं बाबांना धड दिसत नाही. कागदावरची थरथर त्यांना कळली नाही. हातभर मोठी कापलेली अक्षरं मात्र त्यांनी उजेडात धरली, आणि डोळे भरून आले त्यांचे. “बघ पोरी, हात परत आला!” तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही मेली.

आणि आज? आज तिसऱ्या प्रहरी अस्रची बांग झाली की बाबा हाज्ज मितवल्लीच्या रसाच्या दुकानावर शिडी लावून, ब्रशनं, अख्ख्या गल्लीदेखत पाटी लिहिणार होते. पडद्यावरचं पुसता येतं. भिंतीवरचं, लोकांच्या डोळ्यांतलं, कोण पुसणार?

तिनं उठून पंखा वाढवला, बसली, परत उठली. चहा गार झाला होता; तसाच प्यायली.

“काय उस्ता, शिडी झेपेल ना? का क्रेन मागवू?” खिडकीखालून मितवल्ली ओरडला.

“तू आधी रसात पाणी घालायचं थांबव, मग माझी काळजी कर!”

बाबा हसत होते. किती महिन्यांनी असे खदखदून — आणि ते हसू तिला सोसवेना.

सांगायचंच. आत्ता. तोंडानं होत नसेल तर डोळ्यांनी दिसू दे... तिनं सकाळची फाइल, जशी होती तशी, एकही बिंदू न पुसता मशीनला दिली. सुरी कुरकुरली, थांबली, पुन्हा निघाली. फाटक्या कडांची, हिव भरल्यासारखी अक्षरं बाहेर आली. एका अक्षरावरचा ठिपका सुरीनं पार उडवला होता.

बाबा रंगाचा डबा न्यायला आत आले. स्टिकर हातात घेऊन त्यांनी लांब धरला, मान तिरपी केली.

“हे कुणाचं गं अक्षर?”

वाक्य तयार होतं. रात्रंदिवस घोकलेलं. तुमचं, बाबा.

“माझं,” ती म्हणाली. “तुमचं बघून गिरवत होते.”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला — उजवाच, तिला केसांत त्याचं कापणं कळत होतं — आणि म्हणाले, “वळण चांगलं आहे. थरथर जाईल गं. माझी नाही का गेली?”

डबा घेऊन ते गेले. बांग झाली. खाली शिडी ओढल्याचा आवाज, मितवल्लीची आरडाओरड, कुणीतरी टाळ्या वाजवल्या... खिडकीशी जायचं नाही, नाही बघायचं. काहीतरी हाताला हवं म्हणून तिनं नखावरचा तो ठिपका सोडवला, त्या फाटक्या अक्षरावर रिकाम्या जागी ठेवायला गेली. ठेवला, सरकला. परत उचलला. भिंतीवर पहिलं अक्षर उमटलं असणार; खाली सगळे एकाएकी गप्प झाले होते, आणि तिच्या हातून तो ठिपका काही केल्या जागेवर बसत नव्हता.