बिस्किटाचा डॉल्फिन

रविवारी सकाळी प्रार्थना सुटली की चर्चमधून माणसं थेट बिस्किटांच्या दुकानात येत, म्हणून त्या दिवशी देल्फिना ओद्दोनेला पेपर वाचायला वेळ नसायचा. त्या रविवारी तिच्या भाचीनंच, लोरेदानानं, तो आणून गल्ल्यावर ठेवला आणि वर हात दाबून धरला.

"मावशी, आधी बस. मग वाच."

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुझ्या गाडीबद्दल आहे."

देल्फिनाची गाडी म्हणजे देल्फिना नावाची गाडी. काझाले गावाच्या बाहेर, पो नदीच्या अलीकडे कारखाना होता आणि तिथे तिचा पूर्वीचा नवरा एवाजियो कांतामेस्सा चाळीस वर्षं त्या गाड्या बनवत होता. कारखान्याच्या चाळिशीनिमित्त पेपरानं सबंध पान दिलं होतं. मधोमध गाडीचं चकचकीत बोधचिन्ह, उडी मारणारा डॉल्फिन. खाली लिहिलं होतं की १९३४ साली तरुण एवाजियो मित्राच्या होडीतून समुद्रात गेला असताना पहाटेच्या उन्हात एक डॉल्फिन पाण्याबाहेर झेपावला, आणि त्याच क्षणी त्यानं ठरवलं की आपली गाडी अशीच धावेल, तिचं नावही ह्याच जनावराचं असेल.

देल्फिनानं ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"हा माणूस होडीत?" ती म्हणाली. "लग्नानंतर समुद्रकाठी कामोल्यीला गेलो होतो आम्ही. होडी अजून दोरीला बांधलेली होती, तेव्हाच ह्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. माझ्या नव्या टोपीत ओकला हा."

लोरेदाना हसली, पण मावशी हसत नाही हे पाहून गप्प झाली.

खरी गोष्ट गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होती. एवाजियो तेव्हा मेकॅनिक होता आणि त्याची शेड देल्फिनाच्या वडिलांच्या बिस्किटांच्या भट्टीमागे होती. चार भंगार गाड्यांतून त्यानं एक नवी उभी केली आणि तोरीनो शहरात मोटारींच्या प्रदर्शनाला न्यायची ठरवली. प्रदर्शनाच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, नाव? ह्यानं स्वतःचं सांगितलं. तुमचं नाही हो, गाडीचं. एवाजियोची बोबडी वळली. एवढे महिने खपला होता, पण गाडीला नाव लागतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागे लोक खोळंबले होते. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. ती बिस्किटांचा डबा काखेत धरून उभी होती. तो म्हणाला, "देल्फिना." बस्स. एवढीच कथा.

बोधचिन्हाचंही तसंच. बाकीच्या गाड्यांच्या नाकावर गरुड, सिंह, काय काय होतं. ह्यांच्या गाडीचं नाक बोडकं. घरी परतल्यावर देल्फिनानं डब्यातून एक बिस्किट काढलं. ओद्दोनेंची बिस्किटं तिच्या आजोबांपासून एकाच घाटाची, बोटभर लांब आणि मधे बाक दिलेली. ते तिनं पितळी पत्र्यावर ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाली, "एवढं काप." त्यानं कापलं, घासलं आणि नाकावर ठोकलं. पुढे पंधराएक वर्षांनी तोरीनोच्या कुठल्याशा चित्रकारानं, देल्फिनो म्हणजे डॉल्फिन असं ध्यानात घेऊन, त्याला डोळा नि शेपटी लावली. तेव्हा एवाजियो स्वतःच हसत घरी आला होता. "देल्फिना, आपल्या बिस्किटाला शेपटी फुटली बघ."

आणि आता तो हे असलं छापून आणत होता.

तिनं कारखान्यात फोन लावला. साहेब बैठकीत आहेत असं सांगून कोणीतरी तिला जाहिरात विभागाला जोडलं, आणि मंगळवारी त्या विभागाचा तेआल्दी नावाचा तरुण चॉकलेटांची पेटी घेऊन दुकानात हजर झाला. बिस्किटांच्या दुकानात चॉकलेटं घेऊन येणारा माणूस काय अकलेचा असणार हे देल्फिनानं तिथेच ओळखलं.

"बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," तो म्हणाला.

"कुठल्या भावना?"

"म्हणजे... साहेबांचं नवं लग्न. साहजिक आहे. कोणत्याही बाईला..."

"अरे बाबा," देल्फिना म्हणाली, "मी भावनेबद्दल बोलत नाहीये. होडीबद्दल बोलतेय. होडी नव्हती. डॉल्फिन नव्हता. बिस्किट होतं. ह्यात भावना कुठे आली?"

तेआल्दीनं मान तिरकी केली. आजारी माणसाशी बोलताना करतात तशी. "लोकांना स्वप्न लागतं, बाई. बिस्किटावरून नाव पडलं म्हटलं तर..."

"बिस्किटावरून नाही रे, माझ्यावरून. बिस्किटावरून चित्र. एवढंही पाठ होत नाही?"

"शिवाय नव्या बाईंनाही जरा अवघड वाटतं. समजून घ्या." त्यानं आवाज खाली आणला. "आणखी एक. तुमच्या डब्यावरचं हे चित्र. ते आमच्या बोधचिन्हाच्या फार जवळ जातं. आमचे वकील परवा म्हणत होते. मी आपला आपुलकीनं सांगतोय, जरा बदलून घेतलंत तर पुढचा त्रास वाचेल."

देल्फिनानं मागच्या फळीवरचा गंजका डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. तिच्या आजोबांच्या वेळचा. त्यावर तेच बिस्किट, तोच बाक.

"हे तुमच्या चित्राच्या जवळ जातं?" ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी तुमच्या कारखान्याची नक्कल केली, कारखाना निघायच्या आधी? चॉकलेटं उचल आणि नीघ."

तो निघाला. चॉकलेटं मात्र विसरला आणि लोरेदानानं ती खाल्ली, त्यावरून मग तिलाही बोलणी बसली.

देल्फिनाला खरा संताप आला तो पुढच्या दिवसांत, आणि कारखान्यापेक्षा गावाचा. ज्याला त्याला ती सांगायला जायची आणि जो तो मान तिरकी करायचा. पाद्री म्हणाले, क्षमा कर. औषधवाला म्हणाला, झोप लागते का? शेजारची एर्मेलिंदा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "पुरुष सगळे सारखेच गं." बासष्ट साली ती एवाजियोचं घर सोडून स्वतःहून भट्टीवर परत आली होती. घटस्फोटाचा कायदा झाला तसा अर्जही तिनंच केला. गेल्याच महिन्यात कायदा ठेवायचा की नाही ह्यावर देशभर मतदान झालं तेव्हा, पाद्री काय म्हणतील ह्याची पर्वा न करता, तो राहावा म्हणून मत देऊन आली होती. नवऱ्याचं तिला काही नको होतं. पण गाव तिच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द सवतीमत्सराच्या चाळणीतूनच गाळून घेत होतं.

"मी म्हटलं, आज बुधवार आहे, तरी हे म्हणतील, बिचारी अजून त्याला विसरली नाही," ती लोरेदानाला म्हणाली.

"मग सोड ना, मावशी. नाव काय, नावच आहे."

"तुझ्या नावाची म्हैस आहे असं कोणी छापू दे, मग सांग मला नाव काय ते."

कारखान्याच्या चाळिशीच्या समारंभाला, शनिवारी, दोघी बसनं तिथे गेल्या. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पताका होत्या, बँडवाले घाम पुसत होते. दारावरच्या माणसानं देल्फिनाला ओळखलं आणि यादीबिदी न बघता आत सोडलं. ती सरळ एवाजियोच्या खोलीत गेली. तो आरशापुढे उभा होता आणि त्याची नवी बायको ओर्नेल्ला त्याच्या कोटाला फूल लावत होती.

"ये," एवाजियो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला वाटलंच होतं."

"तुझ्या कारखान्यातून माझं नाव काढून टाक."

"काढता येत नाही. त्या नावावर गाडी खपते."

"मग ते कुणाचं ते खरं सांग."

तो ओशाळवाणा हसला. "अगं, कसं सांगू? सोडलेल्या बायकोच्या नावाची गाडी कोण घेईल? नवरा-बायको दुकानात येतात, लहान पोरं असतात बरोबर. अपशकुन वाटतो लोकांना."

"सोडलेली?" देल्फिना म्हणाली. "कोणी कुणाला सोडलं, एवाजियो? सांग की हिला."

ओर्नेल्लानं फूल तसंच अर्धवट ठेवलं. "म्हणजे गाडीचं नाव ह्यांच्यावरून?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तुम्ही मला डॉल्फिनचंच सांगितलं होतं. तो मोनेल्याचा समुद्र, ती पहाट. आपण पहिल्यांदा भेटलो त्या संध्याकाळी."

एवाजियोनं आरशात बघून अर्धवट राहिलेलं फूल खोचलं. बाहेर बँड सुरू झाला होता.

"तुमचा तो जाहिरातीवाला पोरगा म्हणाला, हिलाच अवघड वाटतं म्हणून गोष्ट बदलली," देल्फिना म्हणाली.

"मला?" ओर्नेल्ला म्हणाली. "मला कुणी विचारलंय कधी काही?"

"नंतर बोलू," एवाजियो म्हणाला आणि दोघींच्या मधून वाट काढत बाहेर गेला.

देल्फिना अंगणात येऊन तिसऱ्या रांगेत बसली. भांडण करायचं तिच्या मनात नव्हतं. खोलीत दोन बायकांपुढे गप्प बसलेला माणूस लोकांपुढे तरी खोटं बोलायला लाजेल असं तिला कुठेतरी वाटत होतं. एवाजियोनं खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. आई-वडील, गरिबी, शेड. भट्टी नाहीच. मग होडी आली. मग समुद्राचा खारा वारा आला. तो छातीत भरून घेतल्याचं तो वाचत होता तेव्हा देल्फिना उठून उभी राहिली.

"एवाजियो," ती म्हणाली, ओरडून नव्हे, घरात बोलावं तसं. "तुला बोट लागते."

मग मागच्या रांगांत, जिथे म्हातारे कामगार बसले होते, कोणीतरी फस्सकन हसलं. कारखान्याच्या सहलीला सरोवरावर गेलेले सगळे तिथेच होते, आणि बोटीच्या कठड्याला धरून हिरवापिवळा पडलेला मालक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. हसू रांगारांगांतून पुढे आलं. एवाजियो लाल झाला. देल्फिनाला वाटलं, आता ठेवील कागद खाली.

त्यानं कागद ठेवला नाही. हसणं ओसरायची वाट पाहिली, बोटानं ओळ शोधली, आणि डॉल्फिन पाण्याबाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसलेल्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पुन्हा डॉल्फिन होता, ह्या खेपेला पहिल्या पानावर. तळाशी दोन ओळी होत्या, की संस्थापकांच्या पहिल्या पत्नीनं भावनावेगात थोडा व्यत्यय आणला. भावनावेगात. देल्फिनानं पेपराची सुरळी करून भट्टीत घातली आणि रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. दुकानाच्या पाटीवर आजवर नुसतं ओद्दोने होतं. आता तिथे हातभर उंचीच्या लाल अक्षरांत देल्फिना आलं, शेजारी बाकदार बिस्किट, आणि खाली बारीक अक्षरांत, "शेपटी नसलेलं."

वकिलाचं पत्र आठवड्यात आलं. देल्फिनानं ते दाराच्या काचेवर आतून चिकटवलं, गिऱ्हाइकांना वाचता यावं म्हणून. लोक थांबून वाचायचे, मग वर पाटीकडे बघायचे. दुसरं पत्र आलं नाही. म्हाताऱ्या बाईला तिच्याच नावावरून कोर्टात खेचण्यात शोभा नाही हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. पण पेपरात दुरुस्ती आली नाही, आणि कारखान्यानं नंतर काढलेल्या जाड पुस्तकातही होडीच होती, रंगीत चित्रासकट.

उन्हाळ्याच्या शेवटी, दुकान रिकामं असताना, ओर्नेल्ला आली. तिची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती, नव्या तऱ्हेची, पांढरी देल्फिना. लोरेदाना लगबगीनं आत सटकली आणि पडद्याआड उभी राहिली.

"काय हवं?" देल्फिनानं विचारलं.

"अर्धा किलो. आणि एक विचारायचं होतं." ओर्नेल्ला जरा घुटमळली. "त्या प्रदर्शनात नेमकं काय झालं होतं? ते धड सांगत नाहीत. कधी म्हणतात विसरलो, कधी म्हणतात आता काय त्याचं."

देल्फिनानं तिच्याकडे पाहिलं. तिची मान सरळ होती. कीव नव्हती, समजूत नव्हती, नुसतं ऐकून घ्यायचं होतं तिला. तराजूत बिस्किटं टाकता टाकता देल्फिनानं सगळं सांगितलं, कारकून, खोळंबलेले लोक, पितळी पत्रा, पेन्सिल. ओर्नेल्लानं मधे दोनच प्रश्न विचारले. कारकुनाला ते नाव कुणाचं ते कळलं होतं का, आणि पत्रा कुठून आणला. आजवर हे प्रश्न कुणीच विचारले नव्हते.

"पत्रा भट्टीच्या दाराचा," देल्फिना म्हणाली. "माझ्या बापानं त्याला दोन दिवस शिव्या दिल्या."

"हं. हे खरं वाटतं," ओर्नेल्ला म्हणाली. "समुद्रावर त्यांच्याबरोबर मी दोनदा गेलेय. दोन्ही वेळा वाळूवरच बसून होते."

तिनं पैसे दिले, पुडा घेतला आणि गेली. पांढरी गाडी चालू झाली, वळली, चौकापलीकडे दिसेनाशी झाली. लोरेदाना पडद्यामागून बाहेर आली.

"चांगली आहे की गं ती," ती म्हणाली.

"त्याचाच तर राग येतो," देल्फिना म्हणाली. "सबंध गावात एकीनं विश्वास ठेवला माझ्यावर, आणि ती ही."