ताहूवाल्या दारसीची मातीची ताटली

मित्रांनो, मी मातीची एक ताटली आहे. जुनी, तळहाताहून जरा मोठी, आणि कितीही धुतली तरी अंगाला लसूण-मिरचीचा वास असलेली. माझा जन्म चिरेबोन शहराबाहेर एका कुंभाराच्या अंगणात झाला. भट्टीतून काढल्यावर त्यानं मला टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "ही टिकेल." सुंदर म्हणाला नाही मेला, पण तेवढ्यावरही मी आजवर मिरवते आहे.

दारसी मावशीनं मला घेतलं, माझ्या पाच बहिणींसकट. मावशी ताहू गेज्रोत विकायची. आधी कांदा, लसूण नि हिरवी मिरची आमच्यातच लाकडी बत्त्यानं चेचायची. मग तळून आतून पोकळ झालेला ताहू, म्हणजे टोफू, कापून टाकायचा. वर बाटली हलवून चिंच-गुळाचं पातळ पाणी. ते गेज्रोत, गेज्रोत असा आवाज करत पडतं, म्हणून हे नाव. खाणारा बांबूच्या काडीनं तुकडे टोचून खातो आणि उरलेलं पाणी मलाच तोंडाला लावून पितो.

कमरेवर टोपली घेऊन मावशी रोज दुपारी बातिकच्या कारखान्यात जायची. तिथं बायका कापडावर गरम मेणानं नक्षी काढत बसतात. मावशी दिसली की कामं बाजूला. "दारसीच्या हाताला चव आहे," असं सगळ्या म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, हात तिचा, पण मार कोण खातं?

मग एके सकाळी विहिरीपाशी मावशीचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बत्त्याला जोर लागेना. तिची लेक नूरेनी मोठी मायेची. तिनं मिक्सर आणला, वाटण घरीच करून बाटलीत भरून दिलं आणि प्लास्टिकच्या हलक्या ताटल्या आणल्या. माझ्या बहिणी कोंबड्यांना पाणी ठेवायला गेल्या. मी टोपलीतल्या चिंचेच्या मडक्यावर झाकण होऊन बसले; कांदा, मिरच्या नि बत्ता मात्र मावशी सवयीनं टोपलीत टाकायचीच. फार वाईट वाटलं मला.

"आई, महिनाभर बघू," नूरेनी म्हणाली. "नाही खपलं तर घरी बसायचं. आता वय झालं तुझं."

"घरी बसून काय भिंतींशी बोलू?" मावशी म्हणाली. पण कबूल झाली.

कारखान्यातल्या बायका भिडस्त. "छान झालंय हो, मावशी," म्हणायच्या आणि निम्मं ताटलीत ठेवायच्या. हळूहळू एकेकीला भूकच लागेनाशी झाली. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा टोपली जशी आली तशीच परत निघाली होती.

तिथली सर्वांत जुनी कारागीर रोकाया. ती आडवी आली.

"मावशी, खोटं किती दिवस बोलायचं? चव गेली तुमच्या ताहूची."

"माझा हात मोडलाय गं, जीभ नाही," मावशी म्हणाली. "मला कळत नाही होय?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सगळ्यांसमोर रडली.

रोकायानं मडक्यावरून मला उचललं, पदरानं पुसलं आणि मांडीवर घेतलं. "कांदा द्या इकडं. सांगा कसं करायचं."

"अगं, कुटतेस काय? चेच नुसतं," मावशी डोळे पुसत खेकसली. "एवढी बारीक नक्षी काढतेस आणि कांद्याशी भांडतेस?"

बायका हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणी घासूनपुसून परत आल्या. ज्याचं त्यानं चेचायचं, मावशीनं चिंचेचं पाणी ओतायचं आणि शिव्या द्यायच्या, असं ठरलं. टोपली रिकामी झाली. नूरेनी मुद्दाम बघायला आली होती; तीही कांदा सोलायला बसली.

सगळ्यांचं खाऊन झाल्यावर रोकायानं मला पुन्हा मांडीवर घेतलं.

"मावशी, तुम्हाला मिरच्या किती घालू?"

मावशी तिच्याकडं बघतच राहिली. एकतीस वर्षं अख्ख्या वस्तीला हा प्रश्न तिनं विचारला होता. तिला कुणीच विचारला नव्हता.

"एकच घाल गं," ती हळूच म्हणाली. "मला तिखट सोसत नाही."

मित्रांनो, मी मातीची आहे. मला आपटू नका, धुऊन उन्हात ठेवा, मी टिकेन. पण जी तुम्हाला रोज वाढते, ती हाडामांसाची आहे. तिला काय आवडतं, ते आज जेवताना विचारा.