नऊ, बावीस आणि एक्केचाळीस

मावशी जातीने घूस. चांगली बोक्याएवढी, राखी रंगाची, पाठीवर नारिंगी पट्टा आणि पट्ट्यावर हरभऱ्याएवढा दिवा. बाहेर श्वासापुरतीही हवा नाही अशा मुलखात, खडकाच्या पोटात माणसांनी वस्ती थाटली होती आणि भिंतीमागच्या चौसष्ट नळांतून घरोघरी हवा खेळवली होती. त्या नळांवर लक्ष ठेवायला सात घुशी. दर चौथ्या दिवशी हवेच्या टाकीत लवंगेचं तेल सोडायचं आणि घुशींनी नळांभोवतीच्या फटींत शिरून आपापले नळ हुंगत जायचं. लवंग दरवळली की तिथे गळती. पंजाने नळ दोनदा खरवडला की बाहेरून फिटरदादा येऊन ठिगळ मारणार आणि घुशीला एक शेंगदाणा.

बोलण्याचं म्हणाल, तर प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढी चकती बसवलेली. त्यामुळे माणूस, घूस, पाखरू सगळे एकमेकांशी बोलत. जरा जास्तच बोलत.

एक गोष्ट मात्र मावशी कुणाशी बोलली नव्हती. बारा दिवसांपूर्वी टाकी धुताना तेजाबाची वाफ तिच्या नाकात गेली आणि तेव्हापासून लवंग काय, कांदासुद्धा कळेना. आज उघडेल, उद्या उघडेल, असं म्हणत तिने आपल्या वाट्याचे तिन्ही अवघड नळ नुसते पायाखालून घातले आणि बाहेर येऊन ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. नाक गेलेल्या घुशीचा पट्टा काढून घेतात. नंतर ऊबदार पिंजरा, दोन वेळचं खाणं, कशाला काही कमी नाही. पण देवाने ज्यासाठी घडवलं ते कामच हातचं गेलं, तर त्याला तोंड काय दाखवायचं?

आणि नेमका त्या दुपारी दाबाचा काटा घसरायला लागला.

“ब्याण्णव!” काट्यासमोरच्या दांडीवरून साळुंकी ओरडली. आकडे वाचणं हे तिचं काम आणि त्यावर वाद घालणं ही तिची हौस, म्हणून तिला सगळे वकील म्हणत. “मघाशी चौऱ्याण्णव होता. मी आधीच सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण!”

वस्तीचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई घाईने काटाघरात आल्या. गळती पश्चिमेच्या गल्लीत होती एवढंच कळत होतं. तिथल्या एकेका नळाला वेगळी चावी नव्हती.

“चार वाजता गल्लीची झडप पाडून तिकडची हवा बंद करायची,” बाई म्हणाल्या. “चाळीस घरांना सांगा, सामान उचला. हवेबरोबर ऊबही जाईल. एकदा खडक गोठून भिंती तडकल्या की तिथे परत राहता येणार नाही.”

फिटरदादांचं घर त्याच गल्लीत होतं. ते पेल्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि नळांचे आकडे लिहिलेल्या फळ्यासमोर उभे राहिले. “टाकीत लवंगेचं तेल घाला, सगळ्या घुशी आत सोडा. मात्र नऊ, बावीस आणि एक्केचाळीस बघायची गरज नाही.” त्यांनी तिन्ही आकड्यांवर खडूने फुली मारली. “ते मावशीचे आहेत. तिच्या नाकाखालून बारीक चीरही सुटत नाही.”

सहा घुशी फटींतून आत पळाल्या. मावशी जिथल्या तिथे बसून राहिली. त्या फुल्या तिला पिंजऱ्यापेक्षाही जड झाल्या.

“एकोणनव्वद!” वकील ओरडली. “मावशी, तू अशी लग्नघरातल्या पाहुणीसारखी काय बसलीस?”

“दादा,” मावशी म्हणाली, “त्या फुल्या पुसा.”

“का गं?”

“मला वास येत नाही. बारा दिवस झाले. ते तीन नळ मी हुंगलेच नाहीत.”

फिटरदादांच्या हातातला खडू मोडला.

“बारा दिवस?” त्यांचा आवाज चढला. “अगं, डोळे मिटून विश्वास टाकला मी तुझ्यावर! माझी पोरं झोपतात तिथे!”

“मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी पुसा.”

त्यांनी शर्टाच्या बाहीनेच फुल्या पुसल्या. चाराला पस्तीस मिनिटं होती. एका नळाला अर्धा तास लागतो. जवळच असलेल्या दोन घुशींना हाक मारून नऊ आणि बावीसकडे धाडलं. राहिला एक्केचाळीस. त्याची फट सगळ्यांत अरुंद, सात वळणांची, आणि ती वळणं एकट्या मावशीला पाठ.

“वास नाही, तर शोधणार कशी?” बाईंनी विचारलं.

मावशीने दादांच्या पेल्यात तोंड बुडवलं. मिशांवरून पाणी निथळत होतं. “ओल्या मिशीला वारा गार लागतो. नाकाने भागलं नाही, तर मिशा.”

[चित्र : फटीत शिरणारी मावशी. बाहेर फक्त शेपूट.]

पहिलं वळण कोरडं. दुसरं, तिसरं, काही नाही. मिशा वाळत आल्या तशी ती त्या चाटून ओल्या करी, पुढे सरके. पाचव्या वळणावर पट्टा अडकला. तिने दातांनी त्याचा बंद तोडला आणि दिवा मागे टाकून काळोखात पुढे गेली. सहाव्या वळणावर डावी मिशी गारठली. बोटभर चीर होती, हवा सुसाट बाहेर पडत होती. मावशीने पोट त्या चिरेवर दाबून धरलं आणि पंजाने नळ खरवडला. एकदा, दोनदा. मग थांबलीच नाही.

काटाघरात वकील पंख फडफडवत होती. “ब्याऐंशी! ब्याऐंशीच! अहो, थांबला! घसरत नाही!”

घड्याळात चाराला चार मिनिटं होती. दादांनी आवाजाच्या रोखाने भिंत फोडली. ठिगळ बसल्यावर मावशीला उचललं तेव्हा तिच्या पोटावरची लव गळाली होती आणि कातडी निळी पडली होती. रागावायचं ठरवलेलं असूनही त्यांनी तिला शर्टात घेतलं.

“माझी चूक पोटात घाला, असं मी म्हणणार नाही,” ती पुटपुटली.

“म्हणूही नकोस,” दादा म्हणाले. “गप पड.”

पट्टा तिला परत मिळाला नाही. तिनेही मागितला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून एक नवं काम निघालं. रोज सकाळी, फटीत शिरण्याआधी प्रत्येक घुशीपुढे दोन डब्या ठेवायच्या. एकीत लवंग, एक रिकामी. जिला फरक कळेल तिलाच पट्टा. डब्या ठेवायला मावशी.

[चित्र : दोन डब्या, सहा घुशींची रांग. दांडीवरून वाकून बघणारी वकील.]

“आजी, सर्दी आहे गं थोडी,” एकदा रांगेतली तिची नात कुजबुजली. “आजच्या दिवस सोड ना. मी बावीस नंबर डोळे मिटून करते.”

“तसाच तर मी केला होता,” मावशी म्हणाली आणि नातीच्या अंगावरचा पट्टा उतरवून खुंटीला लावला. “बरी झालीस की ये. तुझ्याचसाठी ठेवते.”