जरीच्या साडीमागचा डाग

मित्रांनो, मी एक जुना डाग आहे. नाक मुरडू नका. तंजावुरातल्या एका मराठी घरात, बाथरूमला लागून असलेल्या हॉलच्या भिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. लोक मला बुरशी म्हणतात, घाण म्हणतात. पण मी आपणहून आलो नाही. भिंतीच्या पोटातला पाइप गळू लागला, वर्षानुवर्षं गळत राहिला, त्या ओलीनं मला जन्म दिला. पाण्याला कुणी जाब विचारला नाही. मलाच पुसत बसले.

आधी मी पिवळसर होतो, बशीएवढा. मग हिरवा झालो, मग काळा. दर पोंगलला, म्हणजे इथल्या संक्रांतीला, घरचा कर्ता सुरेंद्र ब्रश घेऊन माझ्यावर रंग चढवायचा. महिनाभरात रंगाला फुगे येत, पापुद्रे सुटत आणि मी पुन्हा हजर. "हवाच दमट," तो म्हणे. हवा बिचारी काय बोलणार? तिच्यावर काहीही ढकला!

नवरात्रात मात्र माझा थाट असे. याच भिंतीशी कोलू मांडत, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. सुरेंद्रची आई राजम माझ्यावर आपली जरीची साडी ताणून बांधायची. डाग दिसला तर शेजारची हिराबाई गावभर सांगेल, ही भीती. हिराबाई येई आणि म्हणे, "अय्यो राजम, काय साडी गं! भिंतच उजळली!" आयुष्यात माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, आणि तेही साडीचं. साडीमागे वारा लागेना. मी मजेत पसरलो.

सुरेंद्रची मुलगी भुवना याच भिंतीशी झोपायची. श्वास घेताना तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" सुरेंद्र म्हणाला, "छे! आत्ताच रंग दिलाय." धडधडीत खोटं! घरी येऊन पोरीला औषधाची वाफ दिली आणि पुन्हा माझ्याच शेजारी निजवलं.

यंदा कोलूच्या पाचव्या दिवशी बायका हळदीकुंकवाला जमल्या. बाहुल्यांपुढे पोरींनी गायचं, मग उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल मिळायचं, अशी इथली रीत.

"गा की कन्ना," हिराबाई भुवनाला लाडानं म्हणाली. "लाजतेस काय, नवरी आहेस?"

भुवनानं सूर लावला. दुसऱ्याच ओळीला श्वास अडकला. ओठ निळसर झाले.

"घाबरलीय. मिरीचं दूध द्या," राजम म्हणाली.

भुवनाची आई शांभवी इन्हेलर घेऊन धावली. श्वास परत आला. मग शांभवी उठली आणि तिनं साडी खस्सकन ओढली. खिळे उपटून आले, बाहुल्या डगमगल्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मी उभा. पार छतापर्यंत!

"वेड लागलं का तुला?" राजम किंचाळली. "विजयादशमीआधी कोलू हलवायचा नसतो!"

"मग पोरीला हलवते, अम्मा. आत्ता, पापनाशमला, माझ्या माहेरी. तुम्ही बाहुल्या सांभाळा."



राजम माझ्याकडे बघत राहिली. कसली लाज आणि कसलं काय, तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. तिनं वरच्या पायरीवरची लाकडी राजा-राणीची जोडी उचलली. ही जोडी आडवी निजवली की कोलू संपला, असं मानतात. तो मान विजयादशमीच्या संध्याकाळचा. राजमनं पाचव्याच दिवशी जोडी निजवली.

"सुरेंद्र," ती म्हणाली, "भिंत फोड."

भिंत फोडली. आत गंजलेला पाइप, चिखल झालेल्या विटा. पाइप बदलला. आता भिंत वाळतेय आणि मी मरतोय. माझ्यासाठी रडू नका. भुवना पापनाशमला आहे. तिची शिट्टी कमी झालीय, थांबलेली नाही. वर्षानुवर्षांची हयगय आठवड्यात फिटत नसते.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुमच्याही घरी असतील. कपाटामागे, कॅलेंडरखाली, देवाच्या तसबिरीआड. त्यांना रंग फासू नका. पाणी कुठून येतं ते शोधा, ते आधी बंद करा. आणि पाहुणे येणार म्हणून भिंतीवर काही टांगावंसं वाटलं, तर अगोदर तिथं झोपणाऱ्या लेकराच्या छातीला कान लावा.