दहा गुणांचा माणूस

गुण बघून माणूस निवडला की आपण कसे निर्धास्त होतो! मंडळी, घरी सून बघताना हेच, कचेरीत कारकून नेमताना हेच. चामराजपेटातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातही हेच चालत होतं. बालरोग विभागात वरिष्ठ निवासी डॉक्टरची एक जागा भरायची होती. शंभरातले नव्वद परीक्षेच्या गुणांना, उरलेले दहा मुलाखतीला. मुलाखती घ्यायला विभागप्रमुख डॉ. हेमलता आणि अधीक्षक श्रीधरराव बसले होते.

शेवटी आला डॉ. शिवाप्पा. रायचूरकडचा, एमडीला दुसऱ्या खेपेत पास झालेला, मधली वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात काढलेला.

"तिथं काय शिकलात?" हेमलतांनी विचारलं.

तो इंग्रजीत अडखळला आणि सरळ कन्नडमध्ये सांगू लागला. एक बाई कमी वजनाचं बाळ उपचार अर्धवट सोडून घरी न्यायला निघाली होती. सगळे तिच्यावर खेकसत होते. यानं तिला बसवून चहा पाजला, तेव्हा कळलं की घरी थोरली पोर तापानं फणफणली होती. "मग तिलाही आणवून घेतलं, मॅडम. दोघं बरी होऊन गेली."

मागच्याच महिन्यात यादगीरची एक आई हेमलतांच्या वॉर्डातून अशीच बाळ घेऊन निघून गेली होती. वॉर्डातले डॉक्टर सगळे हुशार, सगळे शहरातले. बाई, तुझी अडचण काय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी शिवाप्पाला दहाच्या दहा दिले. बेरीज झाली, तरी तो मागेच राहिला.

"श्रीधरराव, हा मुलगा आपल्याला हवाय."

"हेमलताबाई, हा नियम मी भांडून आणलाय. आधी इथं पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर लागायचे. गुणांमुळे वशिला तरी बंद झाला."

"झाला ना. पण त्याबरोबर माणसाकडे बघणंही बंद झालं. आपल्याकडे लांबलांबून भेदरलेल्या आया येतात. त्यांच्याशी बोलता येणं, एकट्यानं दवाखाना सांभाळणं, ही लायकी नाही का? सगळ्या उमेदवारांना याबद्दल सारखेच प्रश्न विचारा, त्याला गुण ठेवा. मी त्याच्यासाठी दया मागत नाहीये."

श्रीधररावांनी गुणांचा तक्ता बाजूला सारला. "सरी, बरोबर आहे तुमचं. माझंच चुकलं. पुढच्या निवडीला तसंच करू, आधी जाहीर करून. पण आज मुलाखती झाल्यावर नियम फिरवला, तर तोही वशिलाच झाला की नाही?"

श्रीधरराव खरं बोलत होते; हेमलतांनी निवडीच्या कागदावर सही केली.

बाहेर जाऊन त्यांनीच शिवाप्पाला सांगितलं. नियम बदलतोय, पुढच्या वर्षी नक्की या, असंही म्हणाल्या.

"अप्पांना अर्धांगवायू झालाय, मॅडम. पुन्हा घर सोडून येणं जमायचं नाही," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला तरी मिळेल की." त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो गेला. हेमलतांना फार लाजल्यासारखं झालं.

नियम पुढं बदलला, चांगला बदलला. मंडळी, गुण जरूर बघा, पण माणूस अख्खा बघा, आणि वेळेवर बघा. उशिरा सुचलेलं शहाणपण पुढच्यांच्या कामी येतं. ज्याच्यामुळं ते सुचलं, तो मात्र रिकाम्या हातानं घरी गेलेला असतो.